बाटली झाका, मग चव घ्या



कुरकुंभ म्हटले की रासायनिक कारखान्यांचा वास आठवतो. त्याच दौंड तालुक्यात रोटीच्या मुरमाड माळावर द्राक्षाच्या वाइनचाही कारखाना उभा राहिला. कापूस-ज्वारीवाल्यांचे त्याच्याशी देणेघेणे काय, असा प्रश्न बैठकीत आला. उत्तर शोधायला आम्ही पाचसहा कार्यकर्ते चव घ्यायला बसलो. पिण्याचा प्रचार आम्हाला करायचा नाही. माल पारखायचा कसा, एवढेच पाहायचे होते.

आपल्याकडच्या तीन वाइन आणल्या, दोन स्वस्त, एक महाग. चौथी ग्रीसची, तिकडे हलक्या भावात मिळणारी. एकाचा मुलगा जहाजावर आहे, त्याने आणलेली. चारही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर फक्त आकडे घातले. आधी रंग पाहिला, मग वास घेतला. सिरक्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा वास आला तर माल बिघडलेला. मग घोट तोंडात फिरवला: आंबटपणा किती, तुरटपणा किती, गिळल्यावर चव किती वेळ राहते. फार गार करून प्यायले तर दोष झाकतात, साखरेनेही झाकतात. पहिल्या फेरीत गोड बाटली सर्वांना आवडली. दुसऱ्या फेरीत तिला कोणी हात लावला नाही. कागद काढल्यावर कळले, पहिला नंबर स्वस्तातल्या बाटलीचा होता, शेवटचा महागडीचा.

ग्रीसच्या बाटलीला टर्पेंटाइनसारखा वास होता. ती रेत्सिना, तिच्यात पाइनच्या झाडाची राळ घालतात. कितीतरी वर्षे ग्रीसची वाइन म्हणजे एवढेच, असे जग समजे. १९७१ पासून तिथे नेमेया, सांतोरिनी अशा गावा-बेटांच्या नावांना कायद्याचे संरक्षण मिळत गेले. सांतोरिनीत पाऊस आपल्यापेक्षा कमी. वाऱ्यापासून वाचवायला वेल टोपलीसारखी वळवून जमिनीलगत ठेवतात. त्या कोरडवाहू बेटाची वाइन आज नावाने आणि चढ्या भावाने विकते.

आपल्याकडे काय झाले? २००१ मध्ये राज्याने वाइनचे धोरण आणले. नाशिक-पुण्याकडच्या शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीत मागणी पडली आणि अनेकांनी बागा तोडल्या. हे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. खाण्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. घेणारा कारखाना, साखर मोजणारे यंत्र त्याचे, वाइन चाखणारी जीभही त्याचीच. पिकवणाऱ्याने स्वतःच्या द्राक्षाची वाइन चाखलेली नाही, मग हुज्जत घालणार कशाच्या जोरावर?

कापसाचे तेच. ग्रेडर चिमटीत रुई ओढतो, धागा किती लांब ते ठरवतो, आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण आडतीवर तिची भाकरी कोण खाऊन पाहतो? तिथे ज्वारी म्हणजे नुसता पांढरा दाणा.

ज्याच्याकडे पारख, त्याच्याकडे भाव. म्हणून कुरकुंभच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या ज्वारीचे शेरभर पीठ आणि मूठभर कापूस आणावा. नावे झाकू, भाकरी चाखू, धागा मोजू आणि आपल्या मालाची प्रत आपल्या हाताने लिहून काढू. व्यापाऱ्यासमोर तो कागद घेऊन उभे राहू. मग बोलणी करू.