क्लचचा "पूर्ण सेट" बदलण्याआधी थांबा!

डबे पोचवायला सेकंडहँड गिअरलेस स्कूटर घेतलीत. इंजिन ओरडतंय, पण चढावर गाडी दम टाकते. मेकॅनिक म्हणतो, "क्लचचा पूर्ण सेट बदला." माझं स्पष्ट मत: कव्हर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

आधी लक्षण ओळखा. गाडी सुटताना थरथरते? क्लच शू आणि बेल बघा. टॉप स्पीड कमी झालाय? बेल्टची रुंदी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. पिकअप अडखळतो? व्हेरिएटरचे रोलर एका बाजूने चपटे झाले असतील. ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते? आयडलिंग जास्त आहे का ते आधी तपासा. ते ठीक असेल तर क्लचच्या स्प्रिंग बघा.

मेकॅनिकशी भांडू नका. "काढलेला पार्ट दाखवा," एवढंच म्हणा.

पण कंजूषीही नको. बेल्टला चिरा दिसल्या तर त्याच दिवशी बदला. तो भर रस्त्यात तुटला तर दुरुस्तीचा खर्च भरून निघेल; डबा न मिळालेला ग्राहक मात्र परत येईलच असं नाही. धंद्यात वाचवायचा तो वायफळ खर्च, गरजेचा नव्हे!