काढून ठेवलेले आईचे दूध 'शिळे' असते का?

गेल्या पंधरवड्यात एक तरुण आई चार महिन्यांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. सोबत सासूबाई होत्या. आईची कापड दुकानातील नोकरी पुन्हा सुरू झालेली. सकाळी निघताना ती वाटीत दूध काढून ठेवी आणि सासूबाई ते मोरीत ओतून देत. "काढलेलं दूध शिळं, ते का लेकराला पाजायचं?" हा त्यांचा सवाल. मग तडजोड निघाली. ते दूध गाईच्या दुधासारखे गॅसवर उकळायचे आणि पुरले नाही की डब्यातली पावडर. सूनबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "डॉक्टर, दूध काढणं बंदच करू का?"

मी ठामपणे नाही म्हटले. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, हे आता भिंतीवरच्या पोस्टरमुळे सर्वांना पाठ झाले आहे. पण आई आठ तास घराबाहेर असेल तर ते कसे द्यायचे, हे कोणी सांगत नाही. यात आम्ही डॉक्टरही दोषी आहोत. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, कामावर निघालेल्या आईला मीही सहजपणे "वरचे दूध सुरू करा" असे सांगत असे. ती माझी चूक होती.

आजींची शंका मात्र मूर्खपणाची नाही. गोठ्यातले दूध अनेक हातांतून, भांड्यांतून येते, म्हणून ते तापवावेच लागते. आईचे दूध थेट तिच्याच बाळासाठी येते. त्यात जंतूंशी लढणारे घटक असतात, त्यामुळे ते काही तास टिकते. उकळल्याने नेमके हेच घटक नष्ट होतात. "मग दुग्धपेढीत का तापवतात?" असे कोणी विचारील. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली अशी पेढी सुरू झाली. तेथे एका आईचे दूध दुसरीच्या बाळाला द्यायचे असते, म्हणून ते ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवतात. तेही उकळत नाहीत. स्वतःच्या आईच्या दुधाला त्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कृती. आईने साबणाने हात स्वच्छ धुवावेत. झाकणाची स्टीलची वाटी किंवा लहान डबा पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटे उकळून घ्यावा. दूध हातानेच काढता येते, पंप हवाच असे नाही. एका वेळेस बाळ घेईल तेवढेच, म्हणजे साधारण ६० ते १०० मिलीलीटर, एका भांड्यात ठेवावे आणि झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून वेळ लिहावी. ताजे कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतू नये.

२५ अंशांपर्यंतच्या थंड खोलीत हे दूध ४ तास चांगले राहते. पण आपल्याकडचा एप्रिल-मे ध्यानात घ्या. पत्र्याच्या घरात पारा चाळिशी गाठतो, तेथे ४ तासांचा भरवसा धरू नये. फ्रीज नसल्यास शेजाऱ्यांच्या फ्रीजची मदत घ्यावी, किंवा बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड डब्यात ठेवावे. बर्फ टिकून असेल तर तेथे ते २४ तास चालते. फ्रीजमध्ये दूध ४ दिवस टिकते असे शास्त्र सांगते. पण आपल्याकडे वीज जाते आणि फ्रीजचे दारही दिवसभर उघडझाप होते, म्हणून मी २४ तासांचाच नियम सांगतो. भांडे दाराच्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूस ठेवावे. आणखी एक चूक नेहमी दिसते. कोमट दूध थर्मासमध्ये भरून ठेवतात. त्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. हे कदापि करू नये.

फ्रीजमधल्या दुधावर साय वेगळी दिसते. ते नासलेले नसते, हलक्या हाताने हलवले की एकजीव होते. पाजण्यापूर्वी भांडे गरम, पण उकळते नव्हे, अशा पाण्याच्या पातेल्यात काही मिनिटे ठेवावे. मनगटावर थेंब टाकून कोमट लागले की पुरे. गॅसवर ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको, कारण त्यात दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतके गरम होते. पाजायला स्वच्छ वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले घ्यावे, बाटली नको. बाळाचे उष्टे दूध २ तासांत संपवावे, उरले तर टाकावे. तापवलेले पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नये. कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळासाठी नियम अधिक कडक असतात, ते आपल्या डॉक्टरांना विचारावेत.

दुकानदार आणि कार्यालयप्रमुखांनाही दोन शब्द. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. पण लहान दुकानांत आणि शेतमजुरीत ती कितीजणींच्या वाट्याला येते? रजा देणे जमत नसेल तर पडद्याआडचा एक कोपरा, हात धुवायला पाणी आणि दुपारची पंधरा मिनिटे तरी द्या. त्याला खर्च येत नाही. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की आईच्या हाती पावडरच्या डब्याचे नाव देण्याआधी हे नियम लिहून द्या. १९९२ च्या कायद्याने अशा डब्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. आपल्या चिठ्ठीने ती जाहिरात करू नये.

त्या दिवशी मी सूनबाईंऐवजी आजींनाच सगळे समजावले, कारण दिवसभर बाळ त्यांच्याकडे असते. परवा लसीसाठी त्या नातीला घेऊन आल्या. "आता वाटीवर वेळ मीच लिहिते, डॉक्टर," म्हणाल्या. घरोघरच्या आजींना कोणीतरी हे नीट समजावून सांगायला हवे. त्या ऐकतात.