धारेची पारख

आमच्या जिल्ह्याच्या मुख्य शहराचे नाव धार. धारानगरी म्हणजे तलवारीच्या धारांची नगरी, असा त्या नावाचा अर्थ पूर्वीपासून लावला जातो. अशा नावाच्या शहराजवळ राहून एखाद्या कुटुंबाने धार न टिकणारी सुरी विकत घ्यावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. परंतु ती आमच्याच घरी घडली; आणि तीत केवळ पैसेच गेले असते, तर आज आम्ही हा मजकूर लिहावयास बसलोही नसतो.

गेल्या नाताळापूर्वी मुलांनी मोबाइलवर एक सुरी पाहिली. चित्रात पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती, मूठ गडद लाकडाची दिसत होती आणि खाली 'हाताने घडविलेली' असे शब्द होते. किंमत अवघी अडीचशे रुपये. सुरी घरपोच आली, सर्वांनी तिचे कौतुक केले आणि तिची कसलीही तपासणी न करता ती स्वयंपाकघरात गेली. दोन दिवसांत तिची धार वळली. तिसऱ्या दिवशी सणाचे मांस कापीत असता सूनबाईंना अधिक जोर लावावा लागला, मूठ हातात फिरली आणि पाते तळहातात रुतले. चार टाके पडले. मध्यरात्रीच्या मिस्सेस त्या हातास पट्टी बांधून आल्या. त्यांनी कोणास दोष दिला नाही. पण पारख केल्याविना अशी वस्तू घरात वापरू देणे हा आम्हां वडीलधाऱ्यांचा आळस होता, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

सण आटोपल्यावर ती सुरी आम्ही हाटात बसणाऱ्या एका लोहाराकडे नेली. त्याने ती उलटसुलट पाहिली, धारेजवळ कानस एकदाच फिरविली आणि सुरी परत आमच्या हाती दिली. कानस पात्यात अशी रुतली होती की, जणू काही ते शिसेच असावे. "हे नुसते लोखंड आहे, पोलाद नव्हे. यास पाणी देऊन काही व्हावयाचे नाही," एवढेच तो म्हणाला. त्याच्या या दोन वाक्यांत सुरीच्या परीक्षेचे सारे शास्त्र आले आहे. ते आमच्या वाचकांपुढे थोडे उलगडून ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लोखंड आणि पोलाद यांत भेद असतो तो मुख्यतः कर्बाचा. शंभर भागांत पाव भागाहूनही कमी कर्ब असलेले साधे लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडविले, तरी ते म्हणण्यासारखे कठीण होत नाही. सुरीच्या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारणपणे अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत, क्वचित थोडे अधिकही असते. याचा अर्थ लोखंड वाईट, असा मात्र कोणी घेऊ नये. धार शहरातील लाट मशिदीपाशी जो प्राचीन लोहस्तंभ तीन तुकडे होऊन पडला आहे, तो आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ते तुकडे जोडले असता त्याची लांबी सुमारे 13 मीटर भरते; दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाहूनही तो लांब होता. 1405 मध्ये ती मशीद बांधली गेली, त्याच्याही पूर्वीचा हा स्तंभ लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून घडविला आहे. आज तो पाहणाराने नतमस्तक व्हावे, अशी ती कारागिरी आहे. तथापि त्या मऊ लोखंडाची सुरी केली, तर एक कांदाही धड चिरला जावयाचा नाही. तात्पर्य, काम पाहून धातू निवडावा लागतो, आणि सुरीचे काम पोलादाचे आहे.

आमच्या भागातील जाणते लोहार याकरिता बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्यांचे पोलाद घेतात. त्यात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. परंतु चांगले पोलाद मिळाले, म्हणजे काम संपले असे नाही. पाते सुमारे 800 अंशांपर्यंत लाल तापवून तेलात वा पाण्यात एकदम बुडवावे लागते. यासच आपण 'पाणी देणे' म्हणतो. तेवढ्यावर सोडले, तर ते काचेप्रमाणे ठिसूळ राहते. म्हणून त्यास पुन्हा 200 अंशांच्या आसपास, म्हणजे घासलेल्या पात्यावर वाळक्या गवतासारखा फिका पिवळा रंग येईपर्यंत, मंद शेकतात. पहिली क्रिया चुकली, तर धार वळते. दुसरी चुकली, तर धारेचे तुकडे उडतात. चित्रात मात्र दोन्ही सुऱ्या सारख्याच सुंदर दिसतात, आणि फसगत होते ती येथेच.

आता घरी आलेल्या सुरीची परीक्षा कशी करावी? येथे क्रम महत्त्वाचा आहे. ज्या परीक्षेने पात्यावर खूण उमटत नाही, ती आधी करावी. कारण खूण पडलेली वस्तू विकणारा परत घेत नाही.

प्रथम सुरी डोळ्यांसमोर धरून पाठीच्या रेषेने टोकाकडे पाहावे. पाते वाकडे किंवा पिळलेले असेल, तर घडवितानाच दुर्लक्ष झाले, असे समजावे. मग धार उजेडाकडे करावी. नीट लावलेली धार डोळ्यांस दिसत नाही. जेथे पांढरी चमक दिसते तेथे ती बोथट आहे किंवा तुटली आहे. धारेलगत निळसर डाग दिसल्यास घासण्याच्या चाकावर पाते अति तापले असण्याचा संभव आहे, आणि तसे असेल तर तेथील पाणी गेले. पुढे वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून पाहावा, पिकलेले टोमॅटो दाबल्याविना चिरून पाहावे. मात्र ही परीक्षा सुरी आज कशी आहे एवढेच सांगते. मऊ लोखंडासही पहिल्या दिवशी धार लावता येते. म्हणून घरातील नेहमीचे चिरणे झाल्यावर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. बोटाने धार पाहावयाची असल्यास ते धारेला आडवे न्यावे, धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये.

मूठ हा पुष्कळांच्या नजरेतून सुटणारा भाग आहे, आणि अपघात बहुधा तेथूनच होतो. पाते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असून दोनतीन रिबिटांनी पक्के केले असेल, तर उत्तम. अन्यथा पात्याचे अरुंद टोक मुठीत किती खोल गेले आहे, ते विचारावे. मूठ एका हाती व पात्याची पाठ जाड फडक्यात धरून दुसऱ्या हाती घ्यावी आणि हलकेच हलवून पाहावे. किंचितही खडखड झाली, तर ती सुरी परत करावी. आमच्या सुरीचे पाते मुठीत अवघे दोन बोटे गेले होते, आणि बाकीची पोकळी लाखेसारख्या काहीतरी पदार्थाने भरली होती. हे आम्हांस समजले, तेव्हा टाके पडून गेले होते.

लोहचुंबकाची परीक्षा पुष्कळ जण करतात. परंतु साधे लोखंड आणि उत्तम पोलाद या दोहोंनाही चुंबक सारखाच चिकटतो. तो मुळीच चिकटला नाही, तर ते पाते सुरीच्या कामाचे नव्हे, एवढे मात्र जवळजवळ खात्रीने म्हणता येते. सुरी ठेवून घ्यावयाचे ठरल्यावर कानशीची परीक्षा करावी: मुठीलगतच्या धारेवर बारीक कानस हलकेच फिरवावी. पाणी दिलेल्या पात्यावरून ती घसरते किंवा नाखुशीने चालते. मऊ पात्यात ती सहज रुतते. याहून नाजूक परीक्षा पितळेच्या गोल सळईची आहे. धार सळईवर थोडी तिरपी ठेवून जरा दाबावी. चांगली धार लवते आणि पुन्हा सरळ होते. मऊ धार वाकलेलीच राहते. अति कठीण धारेचा कण उडतो.

आता लाटांच्या नक्षीविषयी. आजकाल ती 'दमास्कस' या नावाने विकली जाते. ज्या पोलादाने हे नाव गाजले, ते मुख्यतः दक्षिण भारतात, तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी, मातीच्या मुशीत वितळवून तयार होत असे आणि पश्चिम आशियाकडे व्यापाराने जात असे. त्यातील नक्षी धातूच्या पोटातूनच आलेली असे. आजची बहुतेक नक्षी दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून आणि आम्लाने उठवून केलेली असते. ते कामही खरे व कष्टाचे आहे. पण मग त्याची किंमत अडीचशे रुपये असू शकत नाही. केवळ वरवर कोरलेली नक्षी ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे पात्याची पाठ पाहणे. थरांच्या रेषा पाठीवरूनही ओलांडून जात असतील, तर थर खरे असण्याचा संभव आहे. नक्षी दोन्ही बाजूंनी कडेशीच थांबत असेल, तर ते नुसते चित्र आहे.

उलट एका गोष्टीसाठी आम्ही विकणाराची बाजू घेऊ. लिंबू किंवा कांदा कापल्यावर पाते काळसर पडले, ओले राहिल्यास त्यावर तांबूस गंज आला, म्हणून पुष्कळ जण फसवणुकीची तक्रार करतात. तो दोष नव्हे. कर्बाच्या साध्या पोलादाचा तो स्वभावच आहे. सुरी वापरून झाल्याबरोबर धुवावी, कोरडी पुसावी आणि तिला गोड्या तेलाचे बोट लावावे, म्हणजे ती वर्षानुवर्षे चालते.

फसगत झालीच, तर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. 2020 च्या ई-व्यापार नियमांप्रमाणे अशा बाजारपेठेने विकणाराचे नाव व पत्ता ग्राहकास दिला पाहिजे, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात केले पाहिजे. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडेही तक्रार नोंदविता येते. पाकीट उघडतानाच छायाचित्र काढून ठेवावे. ते पुढे उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट तरुणांनी ध्यानात धरावी. घरकाम, शेती किंवा धंद्यासाठी नसलेले, 9 इंचांहून लांब वा 2 इंचांहून रुंद पात्याचे हत्यार शस्त्रविषयक नियमांच्या कक्षेत येते. भिंतीवरची शोभा म्हणून मागविलेला खंजीर घरात चिंता घेऊन येऊ शकतो.

मोबाइलवरील प्रत्येक सुरी खोटी आणि हाटातील प्रत्येक सुरी खरी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दूरच्या गावचे प्रामाणिक कारागीरही आज त्याच मार्गाने आपला माल विकतात, आणि हाटातही बनावट माल मांडलेला असतो. भेद आहे तो एवढाच की, हाटातील लोहारास प्रश्न विचारता येतो. 'पाते कशाचे? पाणी कशात दिले? धार गेली, तर पुन्हा लावून द्याल काय?' या तीन प्रश्नांना जो डोळ्यांस डोळा देऊन उत्तर देतो, तो पुढील आठवड्यासही तेथेच बसणार असतो. माळव्यात गाडुलिया लोहार आणि महाराष्ट्रात घिसाडी ही फिरस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या कडेस भाता लावून विळे-कोयते घडवीत आली आहेत. गाडुलिया लोहारांचे पूर्वज 1568 मध्ये चितोड पडल्यावर घर सोडून निघाले, असे ते सांगतात. 1955 मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी चितोडगडावर पुन्हा पाऊल ठेविले. त्यांच्याशी घासाघीस करताना आपण दहा रुपयांसाठी अडून बसतो, आणि न पाहिलेल्या विक्रेत्यास अडीचशे रुपये आनंदाने देतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात इस्राएल लोकांच्या एका विपत्तीचा उल्लेख आहे. त्यांच्या देशात लोहारच उरला नव्हता, आणि फाळ व कुऱ्हाड यांस धार लावण्यासाठी त्यांस आपल्या वैऱ्यांकडे जावे लागे. आमच्या गावांवर असा प्रसंग कोणा वैऱ्याने आणण्याची आवश्यकता नाही. भाता थंड पडू दिला, म्हणजे तो आपोआप येईल.

असो. त्या लोहाराने ट्रकच्या पाट्याची एक सुरी आम्हांस करून दिली. ती दिसावयास ओबडधोबड आहे, तिच्यावर लाटा नाहीत, आणि हातोड्याचे ठसे पाठीवर स्पष्ट दिसतात. सूनबाई आता तीच वापरतात. धार मंदावली की हाटाच्या दिवशी ती पिशवीत घालून नेतात आणि लोहारापुढे ठेवतात. तोही आधी हाताची जखम कशी आहे ते विचारतो, आणि मग सुरी हाती घेतो.