तिन्हीसांजेचे पाय

दिवाळीत घर माणसांनी भरलेले असावे, ही माझी जुनी हौस. दिवेलागण झाली की कॉलेजातले दोन-चार सहकारी, गावातली वाचणारी मंडळी, सुट्टीला आलेला एखादा जुना विद्यार्थी असे सगळे आमच्या ओसरीवर जमतात. चिवड्याची ताटली फिरते, अकोल्याच्या थंडीत चहाचे दोन फेरे होतात आणि गप्पांना रंग चढतो.

या रंगात एकच उणे असे. आमची ही! पाहुण्यांपुढे चहा ठेवून ती टेकायची, पाच-सात मिनिटे बसायची, बसल्या बसल्या पोटऱ्या चोळायची आणि काहीतरी आठवल्यासारखे करून आत निघून जायची. कीर्तनाला गेलो तर ही मंडपाच्या कडेला खांबाशी उभी. नाटकाला गेलो तर दुसऱ्या अंकात खुर्ची रिकामी. रात्रीच्या एस. टी.ने पुण्याला जायचे म्हटले की कपाळाला आठी. वीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर शिक्का मारून ठेवला होता. ‘माणूसघाणी!’

गेल्या दिवाळीत एका रात्री पाहुणे गेल्यावर तो शब्द मी तोंडावर बोलूनही दाखवला. ती काही बोलली नाही. मध्यरात्री जाग आली, तर ती ओसरीवर अनवाणी फेऱ्या घालत होती.

“अगं, झोप की आता.”

“झोपेन हो. पाय झोपू देतील तेव्हा.”

मी ते वाक्य अलंकारिक समजलो. मराठीचा मास्तर ना मी!

खरे म्हणजे कोडे माझ्या डोळ्यांसमोरच होते. हीच बाई सकाळी बाजारात गेली की भाजीवाल्या मावशींच्या सुनेच्या बाळंतपणापासून साऱ्या गावाची खुशाली घेऊन येते. तिच्याबरोबर निघालेला माणूस अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लावून परततो. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही माणसांची विभागणी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली आपल्या ग्रंथात मांडली आणि आपण ती बोलीभाषेतही घेतली. पण सकाळी नऊला बहिर्मुख आणि रात्री नऊला अंतर्मुख, असे माणूस युंगलाही सापडले नसेल!

कोडे सुटले ते यंदा पावसाळ्यात. थकवा फार वाटतो म्हणून तिला डॉक्टरांकडे नेले होते. त्यांनी सहज चार प्रश्न विचारले. “वहिनी, पाय हलवावेत अशी अनावर ओढ लागते का? बसल्यावर, पडल्यावर ती सुरू होते का? चालल्यावर बरे वाटते का? आणि संध्याकाळनंतर त्रास वाढतो का?” चारही प्रश्नांना ‘हो’ म्हणताना तिचे डोळे भरून आले. वीस वर्षांत हे प्रश्न तिला कोणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

या विकाराला म्हणतात ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’. आपण ‘अस्वस्थ पाय’ म्हणू. तो काही आजचा नाही. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ सालीच, हातापायांच्या तळमळीने रात्रभर झोप न मिळणाऱ्या रोग्यांची हकीकत लिहून ठेवली. १९४५ साली स्वीडनमधल्या कार्ल एकबॉम यांनी त्याचे सविस्तर वर्णन करून त्याला नाव दिले. मेंदूला लोह पुरेसे पोचले नाही की डोपामिन या रसायनाचा कारभार बिघडतो, असे आता शास्त्रज्ञ मानतात. कारण ते रसायन तयार करणाऱ्या यंत्रणेलाच लोह लागते. डोपामिनला दिवसरात्रीची भरती-ओहोटी असते, म्हणून हे दुखणे तिन्हीसांजेची वाट धरून येते. काही घराण्यांत ते पिढीजात असते. गरोदरपणी आणि मूत्रपिंडाच्या आजारातही बळावते.

मग मला सुचले, की माणसाच्या बोलकेपणाशी, उत्साहाशीही याच डोपामिनचा संबंध जोडतात. तेव्हा स्वभाव आणि पाय यांचे गणित एकच तर नव्हे? डॉक्टर हसले. म्हणाले, “प्राध्यापक, आपली प्रवरा पाहा.” मला चटकन उमगले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी अकोल्यावरून खाली जाते आणि ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या-उजव्या कालव्यांत वाटले जाते. पाणी एकच, पण शेते निराळी. मेंदूतही डोपामिनच्या वाटा अनेक आहेत. एक हालचालीकडे जाते, दुसरी आनंदाकडे आणि ओढीकडे. एका कालव्याचे आवर्तन चुकले म्हणून दुसऱ्या कालव्यावरच्या पिकाची जात ठरवता येत नाही. अस्वस्थ पायांचा माणूस अबोलही असेल, बडबड्याही असेल. फक्त रात्रीची बैठक त्याला सोसत नाही, आणि आपण त्याला ‘शिष्ट’ म्हणून मोकळे होतो.

यात आपल्या भाषेचाही दोष आहे. पाय दुखतात, वळतात, पायांना मुंग्या येतात, गोळे येतात. पण हे त्यांतले काहीच नव्हे. ही म्हणते, “हाडाच्या आत कुणी सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखं होतं.” याला नेमका शब्द नाही. उलट आपले वाक्प्रचार पाहा. पायाला भिंगरी, हात शिवशिवणे, जीभ वळवळणे! अवयव चाळवला की आपली मराठी दोष लावते तो स्वभावाला. वर्गात मी हे वाक्प्रचार किती हौसेने शिकवले आणि घरी त्यांनीच माझी फसगत केली.

तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ठीक, १२.४ निघाले. पण फेरिटिन, म्हणजे लोहाची साठवण, अवघे १८! या विकारात तो आकडा ७५च्या खाली असला तर बहुधा लोह देऊन पाहतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सर्वांना वाढून मागाहून उरलेले जेवणाऱ्या आपल्या गृहिणींना या आकड्याचे नवल वाटणार नाही. मात्र तपासल्यावाचून लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. सर्दीची काही औषधे आणि उदासपणावरची काही औषधे हा त्रास वाढवतात, तेव्हा डॉक्टरांना सर्व सांगावे. डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्याही आहेत. पण पुढे पुढे त्यांनी दुखणे उलटते आणि काहींना तर जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागतो. म्हणून हल्ली डॉक्टर त्या जपून देतात.

आमच्या घरी लोहाची गोळी चालू आहे. जेवणामागचा चहा, जो लोह अंगी लागू देत नाही, तो बंद झाला आहे. पाय अजून पुरते शांत नाहीत. पण बैठकीची वेळ मी बदलली. यंदा फराळाला मंडळी सकाळी आली आणि त्या ओसरीवर हिच्यापुढे माझी डाळ शिजली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे प्रवरेच्या काठाने चालायला जातो. ती बोलत असते, मी ऐकत असतो. परवा दमून म्हटले, “अगं, जरा टेकू या का?”

“टेका तुम्ही,” ती हसून म्हणाली, “मी उभ्या उभ्या बोलते.”

आणि मी टेकलो. वीस वर्षांचे ऐकायचे राहिले आहे.