‘सोशिक माउली’ पुरे, आता तिच्या कष्टाचा हिशेब मांडा!



वस्तीतली नव्वदी ओलांडलेली आजी जाते. विहारात शोकसभा होते. त्रिसरण-पंचशील होतं, मग माइक फिरतो. वक्ते बहुतेक पुरुष. सगळ्यांचं पालुपद एकच : "आजी फार सोशिक होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." फोटोला फुलं, भोजनदान, विषय संपला.

आम्ही याला आदरांजली मानत नाही. बाईने सोसावं, पुरुषाच्या ताब्यात राहावं, ही मनुस्मृतीची शिकवण. ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. मग तोच गुण आपल्या विहारात बसून कशाला गायचा?

आमच्या भूम तालुक्यातली ही आजी काय काय जगली ते बघा. जन्म निजामाच्या राज्यातला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव निघाले, तेव्हा सासूचा, भावकीचा रोष अंगावर घेऊन चूल सांभाळणारी ती. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडून, सुकडीवर लेकरं जगवणारी ती. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. त्या रात्री लेकरं उराशी धरून जागणारी ती. पुढे सोळा वर्षं, १४ जानेवारी १९९४ पर्यंत, पोरं मोर्चाला आणि तुरुंगात गेली तेव्हा घर चालवणारीही तीच.

ही सोशिक? अरे, ही लढवय्यी होती!

आणि तिच्या कष्टाचा हिशेब? ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या ती वाहते, उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. भूमचा खवा लांबवर जातो. त्यामागे वैरण, शेण, धार हे सगळं बाईचं, दुधाचं बिल मात्र बाप्याच्या नावावर. आयुष्यभर राबून कागदोपत्री ती ‘घरकाम’. हे शोषण नाही तर काय?

काही कार्यकर्ते म्हणतील, "ताई, घरातल्या गोष्टी बाहेर काढल्या की चळवळीची बदनामी होते." त्यांनी फलटणच्या बेबीताई कांबळे आठवाव्यात. १९२९ चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न. किराणा दुकान चालवून संसार उभा केला. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत गेल्या आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ ला आलं. सवर्णांचा जुलूम त्यांनी मांडला, तसाच आपल्याच घरात सुनेवर होणारा जुलूमही मांडला. २०१२ ला त्या गेल्या. चळवळ बदनाम झाली का? उलट जगाने ती त्यांच्या पुस्तकातून वाचली. बदनामी सत्य सांगितल्याने होत नाही, सत्य दाबल्याने होते.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्या सरकारकडे नाहीत, आपल्याच घराकडे आहेत.

पहिली : आजी जिवंत असताना तिला बोलतं करा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ झालं. आज तुमच्या खिशात मोबाइल आहे. रील बनवता, मग आजीचा आवाज का साठवत नाही?

दुसरी : सातबारा असेल तर त्यावर, नसेल तर घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लावा. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं. पुढे वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ ला आणि केंद्राने २००५ ला मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हिस्सा दिला. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी लग्न झालेल्या बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणारे, गाडीवर निळा झेंडा लावून फिरणारे भाऊ आहेत. त्यांनी जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचण्याआधी याचं उत्तर द्यावं.

तिसरी : शोकसभेत पहिला माइक लेकी-सुनांना द्या. आजी कशी राबली, कुठे नडली, कुणाला भिडली, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आजीच्या फोटोला हार घालणं सोपं आहे. तिच्या नातीला हिस्सा देणं अवघड आहे. आंबेडकरवादी कोण, हे त्या अवघड कामावरच ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!