नाव बदला, कॅश पुसू नका

स्टाईलशीट ब्राउझरने साठवूच नये, असं परवा एका अनुभवी माणसाने भर बैठकीत ठणकावलं. म्हणणं थोडक्यात असं: आपण रंग बदलतो, बटण हलवतो, ग्राहकाला मात्र जुनंच दिसतं आणि तक्रारींचे फोन सुरू होतात. तेव्हा ‘नो-स्टोअर’ लावा आणि मोकळे व्हा. फाइल तरी केवढी, शंभर केबी!

हे शंभर केबी कुठे बसून मोजले? ऑफिसातल्या फायबरवर. आमचा ग्राहक पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या तोंडाशी उभा असतो. रेंजची एक काडी येते नि जाते. हेडमध्ये जोडलेली स्टाईलशीट हाती आल्याशिवाय ब्राउझर पान रंगवत नाही. मजकूर केव्हाच येऊन पडलाय आणि पडदा पांढराफटक. माणूस वैतागून अंगठ्याने पान खाली ओढतो, पुन्हा ओढतो, आणि दर खेपेला तीच फाइल पहिल्यापासून निघते. महाडला २० मार्चला १९२७च्या सत्याग्रहाच्या स्मरणासाठी चवदार तळ्यावर गावोगावची माणसं येतात. त्या गर्दीत एकेका टॉवरवर किती फोनांचा भार पडत असेल! परतीच्या गाडीची वेळ शोधणाऱ्या बाईंनी दर पानाला तुमच्या बटणाचा निळा रंग नव्याने का उतरवून घ्यायचा? डेटा त्यांचा, पैसे त्यांचे.

कंट्रोल-एफ५ दाबायला सांगू, म्हणे. मोबाइलवर ती कळ दाखवा.

इथे एक जुना वाद पुन्हा उकरावाच लागतो. ‘नो-कॅश’ म्हणजे साठवू नको, असं अजूनही शिकवलं जातं. साफ चूक. अर्थ असा की ठेव, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचार. ३०४ आला की जवळचीच प्रत चालते. पण विचारायलाही एक फेरी पडते, आणि घाटात ती फेरीच जड जाते.

म्हणून फाइलच्या मजकुरावरून निघालेला हॅश तिच्या नावातच घाला आणि ‘मॅक्स-एज’ ३१५३६००० सेकंद, म्हणजे पुरतं वर्ष द्या. मजकूर बदलला की नाव बदलतं, ब्राउझर नवी फाइल आणतो. ‘नो-कॅश’ फक्त एचटीएमएलला. आणि जुन्या नावाची फाइल सर्व्हरवर काही दिवस राहू द्या. कुणाच्या तरी हाती आधीचं एचटीएमएल नुकतंच पडलेलं असतं, ते तीच मागतं.