मळभातील सहल

शरदाचे आकाश निरभ्र असते, हे आपण लहानपणी पाठ्यपुस्तकात शिकतो आणि पुढे जन्मभर त्यावर विसंबून राहतो. छायाचित्रांचा नाद असलेल्यांचा तर तो धर्मसिद्धान्तच होय. आमच्या घरी हा नाद सौभाग्यवतींना आहे. गाडी हाकणे, तिवई उचलणे आणि ‘जरा बाजूला सरा’ असे ऐकताच बाजूला सरणे, एवढेच काय ते आमच्याकडे असते. २०२४ सालच्या दसऱ्याचे सोने वाटून झाले, मुले घरातील वडील मंडळींच्या स्वाधीन केली, आणि आम्ही उभयता संभाजीनगराहून जिंतूरमार्गे औंढा नागनाथास निघालो. हिंगोली जिल्ह्यात तीन दिवस काढावे आणि १६ ऑक्टोबरच्या कोजागरीस नागनाथाच्या शिखराशेजारी चंद्र टिपून परतावे, असा बेत होता. आमच्या मातोश्रींना गुडघ्यांमुळे आता प्रवास सोसत नाही. त्यांना निदान देऊळ नीट पाहावयास मिळावे, हाही हेतू होताच.

जिंतूर मागे पडले आणि मळभ आले, ते गेलेच नाही.

औंढ्याचे देऊळ ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, बाहेरच्या भिंतींवर मूर्तींचे थरावर थर. शिखर मागाहून बांधलेले, म्हणून रंगरूपाने अगदी निराळे. ज्योतिर्लिंग जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात आहे. नामदेवांना देवासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या बाजूस जाऊन उभे राहिले आणि देऊळच पश्चिमेकडे फिरले, अशी कथा आहे. कथेचे भाविकांनी काय घ्यावयाचे ते घ्यावे. छायाचित्रकारास तिचा लाभ इतकाच की, मावळतीचे ऊन दारासमोरून येते. कोरीव कामास असे तिरपे ऊनच लागते. त्याने मूर्तीची छाया मागच्या दगडावर पडते, आणि छायेवाचून मूर्ती भिंतीत विरून जाते. मळभात उजेड चहूकडून सारखा झिरपतो. सौभाग्यवतींनी दोन तास खपून घेतलेली चित्रे राखेत बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरच्या जलाशयावर गेलो, तर पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते ते कळेना. तेथून नरसीस गेलो. नामदेवांचे हे जन्मस्थान मानतात. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात असल्याने शीख यात्रेकरूही येथे येतात. तेथेही तोच करडा पडदा. नेमक्या त्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, मोसमी पाऊस देशातून परतल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. हे वृत्त तिकडच्या ढगांस पोचले नसावे.

नरसीहून परतताना रस्त्याकडेला एक जोडपे भिजलेले सोयाबीन उलटेपालटे करीत होते. कापून पसरलेले पीक. अर्धे गंजी घालून ताडपत्रीखाली, अर्धे उघड्यावर. सौभाग्यवती तिवई घेऊन उतरल्या, तसे ते गृहस्थ लगबगीने बांधावर आले.

“पंचनाम्याला आलाव का सायेब?”

नाही म्हणावे लागले. त्यांचा चेहरा उतरला तो पाहवेना. मग त्यांनीच सारे सांगितले. पीकविम्याच्या नियमाप्रमाणे, कापून शेतात वाळत घातलेले पीक चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसाने बिघडले तर ७२ तासांत खबर द्यावी लागे. त्या वर्षी शेतकऱ्याचा हप्ता अवघा १ रुपया होता, म्हणून विमा जवळपास सर्वांचाच. पण खबर वेळेत गेली नाही तर विमा असून नसल्यासारखा. त्यांचा तिसरा दिवस चालू होता. मोबाइलमध्ये पाणी शिरून चित्र धूसर येई, आणि यातले जाणणारा पुतण्या हिंगोलीस गेलेला. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतील अतिवृष्टीतून जे वाचले होते, तेच हे पीक. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. काळ्या दाण्यास तो कोण देणार?

सौभाग्यवतींनी कॅमेरा गाडीत ठेवला आणि स्वतःचा मोबाइल काढला. बाईंनी शेंगा सोलून तळहातावर धरल्या. दाण्यांना मोड आले होते. ज्या उजेडाने नागनाथाच्या मूर्ती पुसल्या होत्या, त्याच उजेडात हातावरचा मोड न् मोड स्वच्छ उमटला; कडक उन्हात बोटांच्या सावल्यांनी निम्मे झाकले असते. नाव, गाव, गट क्रमांक भरून झाला. रेंज मिळावी म्हणून आम्ही चौघे बांधावरून टेकाडापर्यंत चालत गेलो. खबर पोचल्याचा क्रमांक आला. बाईंनी तो कागद पदरास गाठ मारून ठेवला. गृहस्थांना तेवढ्याने धीर येईना, म्हणून त्यांनी तोच क्रमांक आखाड्याच्या दारावर कोळशाने लिहिला.

निघताना सौभाग्यवतींनी त्या दोघांचे एक चित्र काढू का म्हणून विचारले. बाई म्हणाल्या, “आज नको ताई. हसऱ्या तोंडानं काढू कधी तरी.” सौभाग्यवतींनी आग्रह केला नाही. ओल्या पिकाशेजारी बसलेल्या शेतकऱ्याची चित्रे प्रदर्शनांत बक्षिसे मिळवतात. ती पाहताना त्या माणसांना कोणी विचारले होते काय, असा प्रश्न आम्हांस हल्ली पडतो.

कोजागरीस चंद्र दिसला नाही. औंढ्यानजीक गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहावयाची आहे; चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या त्या प्रकल्पास केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्या यंत्रास आकाश निरभ्र असण्याची गरज नाही, एवढाच काय तो विचार करीत आम्ही आटवलेले दूध प्यालो.

घरी मातोश्रींनी देवळाची चित्रे पाहिली, हात जोडले, आणि मग तळहातावरच्या दाण्यांपाशी थांबल्या. त्यानंतर दर पंधरवड्यास ‘त्या लोकांचे पैसे आले का?’ ही विचारणा ठरलेली. फेब्रुवारीत सौभाग्यवतींनी फोन केला. पैसे आले नव्हते. पण हळद शिजवावयास घेतली होती, अंगणभर वाळत पडली होती, आणि ऊन कडकडीत होते, बाईंनी विचारले, “फोटोला कधी येता?”